बाळाचा एमआरआय: आधी प्रश्न ठरवा, मग तपासणी

या महिन्यात आलेली बरीच पत्रं एकाच वळणाची आहेत. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी (अ‍ॅनॉमली स्कॅन) झाली, त्यात काहीतरी खटकलं आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘फीटल एमआरआय’ लिहून दिलं. पोटातल्या बाळांचे एमआरआय वाचणं हे माझं रोजचं काम, म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडे सोपवली. पत्रं जरा आटोपशीर केली आहेत आणि कुणाची ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

प्रश्न: मला २१वा आठवडा चालू आहे, पहिलीच वेळ. अ‍ॅनॉमली स्कॅनमध्ये बाळाच्या मेंदूत डाव्या बाजूला पाणी जास्त आहे, ११ मिलिमीटर, असं सांगितलं. रिपोर्टवर ‘माइल्ड व्हेंट्रिक्युलोमेगाली’ लिहिलं आहे. डॉक्टर म्हणाल्या, एमआरआय करून घेऊ. त्या दिवसापासून मी रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसते. हायड्रोसेफॅलस, ऑपरेशन, बाळ बुद्धीनं मागे राहील, काय काय लिहिलंय. ११ म्हणजे किती वाईट? आणि एमआरआयमध्ये जास्तीचं काय कळणार?

उत्तर: आधी त्या ११ आकड्याबद्दल बोलू, कारण तुमची झोप त्यानंच उडवली आहे.

मेंदूच्या आत पोकळ्या असतात आणि त्यांत पाणी असतं. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच. सोनोग्राफीत या पोकळीची रुंदी एका ठरावीक जागी मोजतात. ती १० मिलिमीटरपेक्षा कमी असली की ठीक समजतात. चौदाव्या आठवड्यापासून जन्मापर्यंत बाळाचं डोकं कितीतरी वाढतं, पण ही १० ची मर्यादा बदलत नाही. १० ते १२ सौम्य, १३ ते १५ मध्यम आणि १५ च्या पुढे तीव्र. तुमच्या बाळाचं माप सगळ्यांत सौम्य गटात बसतं. तुम्ही वाचलेला हायड्रोसेफॅलस म्हणजे पाण्याचा मार्ग अडून आत दाब वाढणं. तिथे आकडे बहुधा बरेच मोठे असतात. नेटवर या दोन्हींची सरमिसळ झालेली असते आणि रात्री दोन वाजता वाचणाऱ्या बाईला ती वेगळी करून सांगायला कुणी नसतं.

आता मापाबद्दल. ते घेताना पोकळीच्या लांबीला काटकोनात, आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत रेघ टाकायची असते. डोक्याचा छेद जरा तिरका लागला, किंवा रेघ भिंतीच्या बाहेरच्या कडेवर टेकली, की साडेनऊचे अकरा सहज होतात. म्हणून एमआरआयच्या आधी एक पायरी आहे, तीही घ्या. बाळाच्या मेंदूची सोनोग्राफी नेहमी करणाऱ्या, फीटल मेडिसिनच्या डॉक्टरांकडून एकदा पुन्हा स्कॅन करून घ्या. बाळाचं डोकं खाली असेल तर डॉक्टर योनिमार्गातून प्रोब ठेवूनही बघतात आणि त्यात मेंदू फार स्पष्ट दिसतो. काही जणींचा प्रश्न तिथेच सुटतो.

माप खरोखरच ११ निघालं, तर पुढचा सगळा मामला एका गोष्टीवर अवलंबून आहे: या वाढलेल्या पोकळीच्या जोडीला आणखी काही आहे का? काहीच नसेल, गुणसूत्रं ठीक असतील, आईला बाळापर्यंत पोचणारा संसर्ग झालेला नसेल, तर या सौम्य गटातल्या दहापैकी नऊहून अधिक मुलांची वाढ इतर मुलांसारखीच होते. एमआरआय करायचा तो या ‘आणखी काही’च्या शोधासाठी.

यात सोनोग्राफीची एक मोठी अडचण असते. प्रोबच्या जवळच्या बाजूचा अर्धा मेंदू कवटीवरून उलटणाऱ्या लहरींच्या धुक्यात जातो आणि नीट दिसतो तो पलीकडचा अर्धा. एमआरआयला कवटी आड येत नाही, दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. त्यात मी काय बघते? दोन अर्ध्या मेंदूंना जोडणारा कॉर्पस कॅलोसम पूर्ण आहे का. पोकळीच्या भिंतीलगत रक्तस्राव होऊन गेल्याची खूण आहे का. भिंतीवर बारीक गाठीगाठी दिसतात का, म्हणजे ज्या पेशींनी बाहेर पृष्ठभागाकडे सरकायला हवं होतं त्या आतच राहिल्या आहेत का. लहान मेंदू नीट घडला आहे का. पोकळी एवढीशीच वाढलेली असते तेव्हा बहुतेक वेळा यांतलं काहीही सापडत नाही, आणि ‘सापडलं नाही’ हेच तुम्हाला हवं असलेलं उत्तर असतं.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. एमआरआयमध्ये गुणसूत्रं दिसत नाहीत आणि जंतूही दिसत नाहीत. म्हणून सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) आणि टॉक्सोप्लाझ्मा या जंतूंच्या रक्ततपासण्या, आणि डॉक्टरांनी सुचवली तर सुईनं गर्भजल काढून केलेली तपासणी, यांची जागा एमआरआय घेऊ शकत नाही. ‘एमआरआय नॉर्मल आला, आता सुई कशाला?’ असं विचारणाऱ्या जोडप्यांना मी दर वेळी थांबवून हे समजावते.

एमआरआयचा भरवसा किती, हेही सांगते. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या १६ केंद्रांनी मिळून केलेला ‘मेरिडियन’ नावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सोनोग्राफीत मेंदूबद्दल शंका आलेली ५७० बाळं त्यात होती आणि शेवटी खरं काय निघालं ते ताडून पाहिलं होतं. सोनोग्राफीचं निदान ६८ टक्के बाळांमध्ये बरोबर ठरलं, एमआरआयचं ९३ टक्के. तीनपैकी एकीहून अधिक जणींच्या बाबतीत एमआरआयनंतर उपचारांचा बेत बदलला. हे आकडे ऐकून कुणी म्हणेल, मग सोनोग्राफी हवीच कशाला? तर त्या अभ्यासात एमआरआय वाचणाऱ्याच्या हातात सोनोग्राफीचा रिपोर्ट होता. कुठे बघायचं ते त्याला माहीत होतं. ९३ टक्के हे दोघांचं मिळून यश आहे. आणि उरलेले ७ टक्के आहेतच. एमआरआयही चुकतो.

म्हणूनच माझी तुम्हाला एक आग्रहाची विनंती. तपासणीला जाण्याआधी डॉक्टरांना चिठ्ठीवर प्रश्न लिहायला सांगा. कित्येकदा माझ्यापुढे येणाऱ्या कागदावर नुसतं ‘फीटल एमआरआय ब्रेन’ एवढंच असतं. मला हवं असतं ते असं: २१ आठवडे, डावी पोकळी ११, उजवी ८, कॉर्पस कॅलोसम दिसला किंवा दिसला नाही, सीएमव्हीचा रिपोर्ट अमुक, शंका अमुक. हा नुसता औपचारिकता म्हणून लिहायचा मजकूर नाही. रक्तस्रावाची शंका असेल तर त्यासाठी वेगळी चित्रं घ्यावी लागतात, मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटल्याची शंका असेल तर आणखी वेगळी. तुम्ही टेबलावरून उतरून घरी गेल्यावर मला तो प्रश्न कळला तर काय उपयोग?

एमआरआयनंतरही दर काही आठवड्यांनी सोनोग्राफी होईल. माप तेवढंच राहतं, कमी होतं की वाढत जातं, हे त्यातून कळतं. कमी होऊन दहाच्या आत आलेली बाळं आम्ही नेहमी बघतो. कदाचित तिसाव्या आठवड्याच्या आसपास दुसऱ्यांदा एमआरआय सुचवला जाईल. त्याचं कारण खाली एका आजींच्या पत्राच्या उत्तरात आलं आहे.

प्रश्न: माझ्या पत्नीला २४वा आठवडा चालू आहे आणि तिला एमआरआय सांगितला आहे. एवढं मोठं चुंबक आणि तो आवाज, याचा बाळाला त्रास होणार नाही ना? तपासणीत शिरेतून औषध टोचतात असंही ऐकलं. तिला बंद जागेची भीती आहे, तेही सांगून ठेवतो.

उत्तर: तुमच्या मनात एमआरआय आणि सीटी स्कॅन एकत्र झाले असतील तर ते आधी वेगळे करू. सीटीमध्ये क्ष-किरण असतात, एमआरआयमध्ये नसतात. इथे असतं ते चुंबक आणि रेडिओलहरी. गरोदरपणातला पहिला एमआरआय १९८३ साली जगापुढे आला, म्हणजे ही तपासणी कालपरवाची नाही. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातल्या १४ लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास २०१६ साली ‘जामा’मध्ये छापून आला. पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे बाळ सगळ्यांत नाजूक असताना, ज्यांचा एमआरआय झाला होता त्यांच्या मुलांवर चार वर्षांपर्यंत लक्ष ठेवलं होतं. जन्मजात दोष, ऐकू न येणं, दृष्टीचे दोष, यांतलं काहीही वाढलेलं आढळलं नाही.

औषधाबद्दल तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. त्याच अभ्यासात गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून देतात ते औषध, टोचलेल्या बायकांच्या मुलांमध्ये काही धोके मात्र वाढलेले दिसले. हे औषध वार ओलांडून बाळाकडे जातं. बाळाच्या एमआरआयसाठी त्याची गरजही नसते, म्हणून ते देत नाहीत. टेबलावर कुणी सुई घेऊन आलंच, तर तुमच्या पत्नीनं ‘कशासाठी?’ असं विचारावं. तो तिचा हक्क आहे.

आवाज मोठा असतो, हे खरं. आईच्या कानांत बोळे आणि वर हेडफोन देतात. बाळाभोवती गर्भजल आहे, पोटाच्या भिंती आहेत, त्यामुळे त्याच्यापर्यंत पोचणारा आवाज बराच कमी झालेला असतो. गर्भात एमआरआय झालेल्या बाळांचं ऐकणं जन्मानंतर तपासलं गेलं आहे आणि त्यात कमतरता आढळलेली नाही. रेडिओलहरींनी शरीर किंचित तापतं, त्यावर मशीनमध्येच मर्यादा घातलेली असते. बाळांसाठी बहुतेक ठिकाणी १.५ टेस्ला (चुंबकाच्या ताकदीचं माप) ताकदीचं मशीन वापरतात, काही ठिकाणी ३ टेस्लाचंही.

भीतीचं तुम्ही आधी सांगितलंत हे फार चांगलं झालं. तिथेही फोन करून आधीच सांगा. आत नेमकं काय होतं हे माहीत असलं की निम्मी धास्ती जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आत जाण्याआधी तिनं लघवीला जाऊन यावं. सोनोग्राफीसारखं पोटभर पाणी पिऊन थांबायचं नसतं. दागिने, पिना, हुकचे कपडे बाहेर. अंगात पेसमेकर, कानातलं इम्प्लांट किंवा जुन्या ऑपरेशनची क्लिप असेल तर ते आधी सांगायचं. तिला डाव्या कुशीवर झोपवतील, कारण उताणं झोपल्यावर गर्भाशयाचं वजन मोठ्या शिरेवर येऊन भोवळ येते. पोटावर एक हलकी पाटीसारखी कॉइल ठेवतात. बऱ्याच ठिकाणी पाय आधी आत नेतात, त्यामुळे डोकं बोगद्याच्या तोंडाशीच राहतं. तशी विनंती करता येते. हातात एक रबरी फुगा देतात, तो दाबला की लगेच थांबवतात.

वेळ अर्धा-पाऊण तास लागतो तो बाळामुळे. एकेक छेद एका सेकंदाच्या आत टिपला जातो, त्यामुळे बाळ हललं तरी त्या छेदापुरतं चित्र स्पष्ट येतं. पण मला मेंदूचा अगदी मध्यावरचा छेद हवा असतो. टेक्निशियन तो आखेपर्यंत बाळ मान फिरवतं आणि मध्यरेषा तिरकी होते. मग नुकत्याच आलेल्या चित्रावरून पुढचा छेद नव्यानं आखायचा, परत घ्यायचा. कधी बाळाला उचकी लागते आणि आम्ही सगळे ती थांबायची वाट बघत बसतो. पूर्वी यासाठी बाळाला गुंगी द्यावी लागे. नव्वदच्या दशकात ही झटपट चित्रं घेण्याची पद्धत आली आणि ती गरज संपली. टेक्निशियन मध्येच ‘श्वास रोखा’ म्हणाला तर तेवढं करायचं. त्यानं एखादी मालिका पुन्हा घेतली म्हणजे काहीतरी भयंकर दिसलं असा अर्थ लावून घेऊ नका. बहुतेक वेळा बाळ हललेलं असतं.

प्रश्न: सुनेला १९वा आठवडा आहे. सोनोग्राफीत कॉर्पस कॅलोसम दिसत नाही म्हणाले. एक डॉक्टर म्हणतात लगेच एमआरआय करा, दुसरे म्हणतात थांबा. घरात कुणालाच काही सुचत नाही. आम्ही कुणाचं ऐकायचं?

उत्तर: आजी, तुमच्या पत्रातली घालमेल वाचताना जाणवली. दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, ते कसं ते सांगते.

कॉर्पस कॅलोसम हा डाव्या-उजव्या मेंदूला जोडणारा तंतूंचा जाड पट्टा. तो एका दिवसात तयार होत नाही. साधारण बाराव्या आठवड्यापासून घडत घडत विसाव्या आठवड्याच्या सुमारास त्याला पूर्ण आकार येतो. एकोणिसाव्या आठवड्यात तो नीट दिसला नाही, तर तो खरंच नाही की अजून पुरता दिसण्याजोगा झालेला नाही, हे ठरवणं कठीण असतं. त्यात बाळ एवढंसं, गर्भजल भरपूर, त्यामुळे ते सारखं फिरत असतं. म्हणून मी माझ्याकडे आलेल्या बाईला सांगते, की एक-दोन आठवडे थांबा, मधल्या काळात मेंदूची तज्ज्ञ सोनोग्राफी करा आणि मग २१-२२व्या आठवड्यात एमआरआय करू. मधल्या सोनोग्राफीतही काही आडून कळणाऱ्या खुणा दिसतात: पट्ट्याच्या खालची छोटी पेटीसारखी जागा आहे का, पोकळ्या मागच्या बाजूला थेंबासारख्या फुगल्या आहेत का.

‘लगेच करा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे बहुधा मुदत असेल. गर्भधारणा पुढे न्यायची की नाही, या निर्णयाला कायद्यानं घातलेली आठवड्यांची मर्यादा असते, आणि माहिती उशिरा मिळाली तर निर्णयाला वेळ उरत नाही. ही काळजी खरी आहे. दोन्ही डॉक्टरांना सरळ विचारा: ‘आपल्याकडे किती आठवडे आहेत, आणि त्यात एमआरआय कोणत्या आठवड्यात केला तर सगळ्यांत जास्त कळेल?’ या एका प्रश्नावर दोघांची मतं बऱ्याचदा जुळतात.

आता वर एका वाचक मैत्रिणीला जे सांगायचं राहिलं होतं ते. विसाव्या आठवड्यात बाळाच्या मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असतो. मोठ्या माणसाच्या मेंदूवर आपण ज्या वळ्या बघतो त्या पुढे एकेक करून उमटतात आणि तिसाव्या आठवड्यापर्यंत त्यांची दाटी झालेली दिसते. वळ्या पडण्यातच काही बिघाड असेल, तर तो बाविसाव्या आठवड्याच्या चित्रात दिसणार कसा? तिथे अजून वळ्याच नाहीत. म्हणून लवकरचा एमआरआय नॉर्मल असूनही २८ ते ३२ आठवड्यांत दुसरा सांगतात. पहिल्यात काही लपवलं होतं असं त्यावरून समजू नका.

आणि कॉर्पस कॅलोसम खरोखरच नाही असं ठरलं तर? बाकी मेंदू व्यवस्थित असेल, गुणसूत्रांची तपासणी चांगली असेल, तर अशा मुलांपैकी साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश मुलांची वाढ चांगली होते. उरलेल्यांत शिकण्याच्या किंवा वागण्याच्या कमी-जास्त अडचणी येतात, काहींना फिट्स येतात. जोडीला दुसरे दोष असतील तर चित्र बरंच बदलतं. कुठलं मूल कुठल्या बाजूला जाईल हे आधी छातीठोक सांगता येत नाही, आणि जे सांगतात त्यांच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

एक सांगू का? ‘आम्ही कुणाचं ऐकायचं’ असं तुम्ही लिहिलंत. रिपोर्ट आला की तो पहिल्यांदा सुनेला ऐकू द्या, डॉक्टरांच्या खोलीत, मुलगा शेजारी असताना. तिचे प्रश्न आधी होऊ द्या. माझ्याकडे असं अनेकदा होतं, की बाहेर चार मोठी माणसं चर्चा करत असतात आणि जिच्या पोटात बाळ आहे ती भिंतीशी गप्प बसलेली असते. तुमच्या घरात तसं होऊ देऊ नका. तुम्ही तिच्या बाजूनं उभ्या राहिलात तर बाकीचे आपोआप थांबतील.

प्रश्न: माझी सोनोग्राफी पूर्ण नॉर्मल आहे. तरी मनाच्या समाधानासाठी एमआरआय करून घेऊ का?

उत्तर: नको. एमआरआय ही सगळ्यांची चाळणी करायची तपासणी नाही. शंका नसताना केला तर एखादी निरुपद्रवी बारीकसारीक गोष्ट दिसते आणि उरलेले महिने तिच्या काळजीत जातात. घरात आधीच्या बाळाला मेंदूचा आजार होता, गर्भात सीएमव्हीचा संसर्ग झाल्याचं सिद्ध झालं, किंवा एकाच वारेवर वाढणाऱ्या जुळ्यांपैकी एक बाळ दगावलं, अशा वेळी मात्र सोनोग्राफी ठीक असली तरी एमआरआयचा विचार करतात. जुळ्यांच्या बाबतीत दुसऱ्या बाळाच्या मेंदूला रक्त कमी पडलं का हे बघायचं असतं. ती इजा दिसू लागायला वेळ लागतो, म्हणून घटनेनंतर तीन-चार आठवड्यांनी एमआरआय करतात.

प्रश्न: आमच्या बाळाला डायफ्रॅमॅटिक हर्निया आहे हे सोनोग्राफीत स्पष्ट झालंय. मग निदान झालेलं असताना पुन्हा एमआरआय का?

उत्तर: तुमच्या बाळाच्या छाती आणि पोटामधल्या पडद्याला भोक आहे, त्यातून आतडी वर छातीत गेली आहेत, एवढं सोनोग्राफीनं सांगितलं. पण जन्मल्यावर बाळ श्वास घेऊ शकेल का, हे फुप्फुस किती वाढलं आहे त्यावर ठरतं. एमआरआयमध्ये दोन्ही फुप्फुसांचं आकारमान छेदाछेदानं मोजून बेरीज करता येते. त्या आठवड्याच्या बाळाचं जेवढं असायला हवं त्याच्या किती टक्के आहे, हे काढतात. ते २५ टक्क्यांच्या खाली असेल तर धोका बराच असतो.

दुसरा प्रश्न यकृताचा. तेही छातीत सरकलं असेल तर अवघड जातं. सोनोग्राफीत यकृत आणि फुप्फुस जवळजवळ सारख्याच करड्या रंगाचे दिसतात आणि सीमारेषा शोधायला डोळे ताणावे लागतात. एमआरआयच्या एका प्रकारच्या चित्रांत यकृत उजळ दिसतं आणि आतड्यातली बाळाची पहिली शी तर लख्ख पांढरी. कोण कुठे आहे हे एका नजरेत कळतं.

हे कळण्याचा उपयोग काय? बाळंतपण कुठे करायचं ते यावरून ठरवा: नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग आणि बालशल्यचिकित्सक एकाच छताखाली असतील तिथे. फार तीव्र प्रकारात गर्भातच बाळाच्या श्वासनलिकेत छोटा फुगा ठेवून फुप्फुस वाढवण्याचा उपचार काही मोजक्या केंद्रांत होतो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डाव्या बाजूच्या तीव्र हर्नियात असा फुगा ठेवलेली ४० टक्के बाळं जगून घरी गेली, न ठेवलेली १५ टक्के. त्याचबरोबर वेळेआधी बाळंतपण होण्याचं प्रमाणही वाढलं. सगळ्यांना तो लागू होत नाही, पण विचारायला हवं.

प्रश्न: बाळाच्या हृदयात छिद्र असल्याची शंका आहे. एमआरआय करावा का?

उत्तर: यासाठी फीटल इको, म्हणजे बाळाच्या हृदयाची खास सोनोग्राफी, करा. हृदय मिनिटाला १२० ते १६० वेळा धडधडत असतं आणि नेहमीच्या एमआरआयमध्ये ते पुसट येतं. हाडं, बोटं आणि मेंदूतले कॅल्शियमचे ठिपके यांतही सोनोग्राफीच वरचढ.

प्रश्न: २२व्या आठवड्यात सोनोग्राफीत ‘डँडी-वॉकर’ असं आलं. आम्ही हादरलो. २४व्या आठवड्यात एमआरआय केला, त्यात लिहिलंय ‘वर्मिस नॉर्मल, ब्लेक्स पाउच सिस्ट असण्याची शक्यता’. एक तपासणी म्हणते गंभीर, दुसरी म्हणते ठीक. आमची फसवणूक होतेय का? आता कशावर विश्वास ठेवायचा?

उत्तर: फसवणूक नाही. मेंदूच्या मागच्या खालच्या भागात ही गल्लत वारंवार होते, कारण हे दोन्ही प्रकार एका बाजूनं बघितले तर अगदी सारखे दिसतात: लहान मेंदूच्या मागे पाण्याची जागा, आणि ती आतल्या पोकळीशी जोडलेली.

फरक कळतो तो बरोबर मध्यावरच्या उभ्या छेदात. तिथे लहान मेंदूच्या मधला भाग, म्हणजे वर्मिस, बाजूनं दिसतो. मी त्याची उंची मोजते, त्याच्यावरच्या खाचा मोजते, आणि तो मेंदूच्या देठापासून किती अंशांनी उचलला गेला आहे तो कोन मोजते. डँडी-वॉकरमध्ये वर्मिस छोटा असतो, बराच वर फिरलेला असतो, आणि मागच्या शिरांचा संगम वर ढकललेला असतो. ब्लेक्स पाउचमध्ये वर्मिस पूर्ण असतो, नुसता थोडा वर उचललेला, आणि शिरांचा संगम आपल्या जागी असतो. डँडी-वॉकरच्या जोडीला इतर दोष असण्याची शक्यता बरीच असते. ब्लेक्स पाउच एकटाच असेल तर पुढचं चित्र बहुतेकदा चांगलं असतं, आणि कित्येक बाळांत तो गर्भातच नाहीसा होतो.

वर्मिस खाली झुकून आपली जागा घ्यायला चोविसावा आठवडा, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणजे २२व्या आठवड्यात सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना जे दिसलं ते त्या दिवशी तसंच होतं. त्यांनी शंका घेतली म्हणून तर तुम्ही पुढे तपास केलात. तुमच्या बाबतीत माझा कल एमआरआयकडे आहे, कारण मधल्या छेदासाठी ती तपासणी सरस आहे आणि ती दोन आठवड्यांनी उशिरा झाली आहे. पण रिपोर्टमध्ये ‘शक्यता’ असं लिहिलंय, तेही खरं धरा. तो शब्द लिहिणाऱ्यानं तुम्हाला प्रामाणिकपणे मर्यादा सांगितली आहे.

आता करायचं ते असं. सोनोग्राफी करणारे डॉक्टर आणि एमआरआय वाचणारे डॉक्टर यांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून एकत्र बघावीत, असा आग्रह धरा. बऱ्याच फीटल मेडिसिन केंद्रांत ही पद्धत आहे, पण कधी कधी मागावं लागतं. गर्भजलाची तपासणी झाली नसेल तर तिच्याबद्दल विचारा. चार-पाच आठवड्यांनी सोनोग्राफी, आणि पाउच तसाच असेल किंवा पोकळ्या वाढत असतील तर ३०व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा एमआरआय. बाळंतपणाआधी बालमेंदूतज्ज्ञांना एकदा भेटून घ्या.

जन्मानंतर बाळ दवाखान्यातून घरी जाण्याआधी टाळूवरून मेंदूची सोनोग्राफी करून घ्या. ती सोपी आणि बिनत्रासाची आहे. बालमेंदूतज्ज्ञांकडे जाताना नुसता कागदी रिपोर्ट नेऊ नका. गर्भातल्या एमआरआयची सीडी न्या, आणि ती उघडते आहे ना हे आदल्या दिवशी बघून ठेवा. मधल्या छेदातला वर्मिस त्यांना स्वतः मोजता यायला हवा.